वाढत्या अंगाचा सूट

"हे कापलंय कुणी?" बाबांनी विचारलं.

दुकानात आम्ही तिघंच होतो. मुश्ताक तांबोळी काउंटरच्या मागे, बाबा काउंटरच्या पुढे आणि मी मधोमध, मानेपासून घोट्यापर्यंत अखंड काळ्या-लाल चामड्यात कोंबलेली. तो सूट घालायला मला वीस मिनिटं आणि अर्धा डबा पावडर लागली होती. सरळ उभं राहायला गेलं की तो मला खांद्यांना धरून पुढे ओढायचा. कोपरं वाकलेली, गुडघे दुमडलेले, पाठीवर एक छोटं कुबड. समोरच्या आरशात सर्कशीतलं अस्वल उभं होतं आणि त्याला माझा चेहरा होता.

"काका, कटिंग आमचंच आहे," मुश्ताक अदबीने म्हणाला.

"तरीच." बाबांनी गळ्यातला टेप काढला. "हेमे, ताठ उभी ऱ्हा."

"राहता येत नाहीये बाबा."

"बघा," बाबा मुश्ताककडे वळले. "पोरीला ताठ उभं ऱ्हाता येईना. बाहीला पोक आलाय. पुढनं चार बोटं आखूड पडलंय आन मागं बसायच्या जागी पोतं लोंबतंय. असली पँट मी शिवली असती तर कराडात लोकांनी दुकानावर मोर्चा आणला असता. नापास. दुसरा दाखवा."

हे पुण्याच्या नाना पेठेत, एका स्पेअर पार्टच्या दुकानावरच्या माडीवर चाललं होतं. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. भोसरीला नोकरी करत होते आणि स्वतःच्या पगारातून घेतलेली मोटरसायकल दर रविवारी घाटात पळवत होते. आता मला ती खऱ्या ट्रॅकवर पळवायची होती. कोइमतूरला दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं, तीन आठवड्यांनी. माझं नाव लागलं होतं. फक्त दोन गोष्टी हव्या होत्या. एक, अंगावर अखंड चामड्याचा सूट, त्याशिवाय ट्रॅकवर पाऊल ठेवू देत नाहीत. आणि दुसरी, फॉर्मवर घरातल्या एका माणसाची सही.

सूट परवडला असता. सही महाग होती. आईने फॉर्म हातभर लांब धरला, तिसऱ्या ओळीत 'गंभीर इजा' हे शब्द वाचले आणि तो टीव्हीवर ठेवून दिला. "यांना विचार," म्हणाली. बाबांना विचारलं. ते मशीनवर होते. पायाची लय न मोडता म्हणाले, "करतो की सही. पर कपडा मी पास केला पायजे."

मी आनंदाने उडी मारली. वेडी कुठली! माझे बाबा, म्हणजे कराडचे बोंगाळे टेलर. या माणसाने पस्तीस वर्षांत दुसऱ्या शिंप्याचा एकही कपडा पास केला नव्हता. माझ्या धाकट्या मामाचा लग्नातला सूट मुंबईहून शिवून आला होता. बाबांनी तो भर मांडवात, अक्षता पडायच्या आधी, नापास केला. मामा त्यानंतर दोन वर्षं आमच्याकडे आला नाही. एसटीत बसले की बाबा पुढच्या सीटवरच्या अनोळखी माणसाची कॉलर बघून हळहळायचे. अशा माणसाच्या हाती मी माझं ट्रेनिंग सोपवून बसले होते.

आणि त्यातून त्यांचं ते वाढतं अंग.

कराडातल्या निम्म्या शाळांचे गणवेश बाबा शिवायचे आणि प्रत्येक गणवेशाला एकच नियम लावायचे. "वाढतं अंग हाय," म्हणायचे आणि घेरात इंचभर, उंचीत चार इंच जास्तीचं कापड आत दुमडून टाकायचे. दर जूनमध्ये एक दुमड उसवायची. मग फ्रॉकच्या खालच्या काठाला न विटलेल्या गडद निळ्या कापडाची पट्टी दिसायची. आमच्या वर्गात या पट्ट्या मोजून कोणाचा गणवेश किती जुना ते कळायचं. माझा पहिलीचा फ्रॉक चौथीपर्यंत गेला. बरं, हे लहानपणी ठीक. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षी त्यांनी मला कोट शिवला. मी एकवीस वर्षांची, उंची थांबून पाच वर्षं झालेली, आणि कोटाच्या बाह्या बोटांच्या टोकापर्यंत. "बाबा, मी आता वाढत नाही," मी म्हटलं होतं. "ते तू ठरवायचं न्हाईस," असं उत्तर मिळालं होतं.

तर दुसरा सूट. हा निळा होता. बाबांनी खांद्यावरची शिवण दोन अंगठ्यांनी ताणून बघितली.

"एकेरी टीप?"

"आत दुसरी आहे काका. डबल आहे."

"मग बाहेर का दिसंना?"

मुश्ताकने सूट उलटा करून दाखवला. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे शिवणीला टेकवले आणि "हूं" म्हणाले. मला वाटलं, झालं काम.

"पर पोक तसाच हाय. नापास."

मुश्ताक पोकाबद्दल काही सांगायला गेला, पण बाबांनी तिसऱ्या सूटकडे बोट केलं. हा एक माप मोठा होता. त्यात मी निदान सरळ उभी राहू शकले. बाबांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी माझ्या कमरेजवळचं सैल चामडं चिमटीत धरलं, मग गुडघ्याजवळचं. "ह्याला म्हनतात कपडा. अंगाला जरा हवा लागंल. पुढं-मागं अंग भरलं तर—"

"हा नाही देणार, काका," मुश्ताक म्हणाला.

"का बरं? माप तर बरोबर हाय."

"सैल सूटमधे पडलं ना, की चामडं गोळा होतं. गुडघ्यावरचं पॅड फिरून पोटरीवर जातं आणि गुडघा उघडा पडतो. हा कातडीसारखा बसायला लागतो. ट्रॅकवर तपासणारेसुद्धा चिमटीत धरून बघतात. एवढं हातात आलं तर ताईंना परत पाठवतील."

"बरं, मग घट्ट शिवा, आन आत इंचभर ठेवा दुमडून. लागंल तवा उसवता यील."

मुश्ताक हसला. पस्तिशीचा असेल तेव्हा. त्याच्या आजोबांपासून चामड्याचं काम होतं घरात. "चामड्याला सुईचं भोक पडलं की पडलं, काका. कापडासारखं बुजत नाही. उसवलं तर जुन्या भोकांची ओळ तशीच राहते, आणि पडल्यावर पहिल्यांदा तिथंच फाटतं. यात नंतर सैल करणं नाही. काय ते एकदाच ठरवायचं."

बाबांनी टेपची गुंडाळी केली. मला ती गुंडाळी चांगली माहीत होती. दुकान बंद करताना करायचे तशी.

"मग जमत न्हाई," ते म्हणाले. "घट्ट हाय ते वाकडं कापलंय, सरळ हाय ते चालत न्हाई. चल हेमे. चारची गाडी घावंल."

आणि हे म्हणताना त्यांच्या आवाजात जी सुटल्याची खुशी होती ना, ती ऐकून माझं डोकं फिरलं.

"तुम्हाला सूट बघायचाच नव्हता," मी म्हटलं. "तुम्हाला नाही म्हणायचं होतं. मग कराडातच म्हणायचं की. इथपर्यंत येऊन या माणसाच्या मालाला नावं कशाला ठेवता?"

"मी नाव ठिवलं? मी धंद्यातलं बोललो."

"धंद्यातलं नाही. तुम्हाला भीती वाटते आणि ती तुम्ही टेपच्या मागे लपवताय."

बाबांनी टेपची गुंडाळी खिशात टाकली. मुश्ताक काउंटरखाली काहीतरी शोधायला लागला. माझी तिथून निघून जायची फार इच्छा होती, पण अंगात तो तिसरा सैल सूट होता आणि खाली जाऊन रिक्षाला हात करायची हिंमत नव्हती. मी पडद्यामागे गेले. तिथे माझी जीन्स आणि तिन्हीपैकी पहिला, काळा-लाल सूट शेजारी शेजारी पडले होते. मी सैल सूट सोलून काढला आणि रागाच्या भरात जीन्सऐवजी काळा-लाल अंगात चढवला. चेन ओढली. परत एकदा शेवटची त्यात बसून बघेन आणि मग परत करेन, एवढंच मनात होतं.

दुकानाच्या कोपऱ्यात एक मोटरसायकल स्टँडवर पक्की उभी केलेली असायची. मी बाहेर आले, कुणाकडे न बघता तिच्यावर चढले, पाय मागे घेतले आणि टाकीवर छाती टेकवून वाकले. हँडल धरलं. डोळे मिटले.

दोन-तीन मिनिटं तशीच होते.

मग पाठीवर बाबांचं बोट लागलं.

"हलू नगंस," ते म्हणाले.

बोट माझ्या मानेपासून कुबडाच्या बाजूने खाली कमरेपर्यंत गेलं. मग कोपराच्या आतल्या बाजूला थांबलं. मग गुडघ्याच्या मागच्या चुण्यांवर. बाबा गाडीच्या डाव्या बाजूने उजवीकडे गेले, परत डावीकडे आले. मी एक डोळा उघडून समोरच्या आरशात बघितलं. अस्वल गेलं होतं. बाहीवर एक सुरकुती नव्हती. पुढचं चार बोटांचं आखूडपण गेलं होतं, मागचं पोतं गेलं होतं. सगळं जागच्या जागी बसलं होतं.

"आयला," बाबा हळूच म्हणाले. त्यांच्या तोंडून मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. "हे उभ्या मानसाचं कापलेलंच न्हाई."

"नाही काका," मुश्ताक म्हणाला. "हे वाकलेल्या माणसाचं आहे. यात उभं राहायचं ते फक्त फोटोला."

बाबा स्टूल ओढून बसले. पस्तीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकाला ताठ उभं राहायला सांगितलं होतं. मला तर किती वेळा! ताठ उभी राहा, श्वास सोड, हनुवटी वर. ते आता माझ्याकडे बघत होते, आणि मी टाकीवर पालथी पडले होते.

"ह्यात पडलं तर काय व्हतं?" त्यांनी विचारलं. मला नाही, मुश्ताकला. आणि पहिल्यांदाच टेपशिवाय.

मुश्ताकने भिंतीवरचा एक जुना पांढरा सूट काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्याचा उजवा खांदा, कोपर आणि कंबर घासून राखाडी झाली होती. चामड्याचा वरचा थर गेलेला, आतला लव आलेला भाग दिसत होता. बाबांनी हात मागे घेतला.

"यातला मानूस?"

"मीच तो. चार वर्षांपूर्वी. ताशी एकशे दहावर असताना गेलो, पन्नास-साठ मीटर घसरलो. उठलो, गाडी शोधली, चहा प्यायलो. मनगट सुजलं आठवडाभर. खोटं नाही सांगत काका, हाडं मोडतातसुद्धा. सूट घातला की काही होत नाही, असं मी कुणाला म्हणत नाही. पण कातडी माझी शिल्लक राहिली."

मला त्याच्या गळ्यात पडून त्याचं तोंड बंद करावंसं वाटलं. हाडांचं कशाला बोलला! पण बाबा त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हते. त्यांनी तो घासलेला खांदा खिडकीपाशी उजेडात नेला. चष्मा परत कपाळावर. अंगठ्यांनी शिवण ताणली, एकदा, दोनदा, मग सगळं अंग लावून. घासलेल्या जागेच्या बरोबर मधून शिवण गेली होती. चामडं गेलं होतं, शिवण जशीच्या तशी होती. ते टाके मोजायला लागले. ओठ हलत होते. मला दहावीच्या निकालालाही एवढी धडधड झाली नव्हती.

"टाकं धरल्यात," ते म्हणाले. "एक बी सुटला न्हाई. धागा कुठला?"

मुश्ताकने धाग्याची रीळ दिली. बाबांनी धागा दातात धरून तोडायचा प्रयत्न केला. तुटला नाही. मग दोघं बराच वेळ धाग्याबद्दल, सुईच्या नंबराबद्दल आणि आतली टीप आधी घालायची की बाहेरची याबद्दल बोलत बसले. मी गाडीवर पालथी. माझी मान आखडली, पण कुणाला आठवण नव्हती.

"तयार नको," शेवटी बाबा म्हणाले. "मापानं शिवा. ह्यो कमरंत अर्ध्या बोटानं सैल हाय. आन माप मी घेनार. तुम्ही लिवून घ्या."

"कसं घेणार काका? उभ्यानं?"

"उभ्यानं कशापायी? हाय तशी."

मग त्यांनी माझं माप घेतलं. जन्मात पहिल्यांदा मी ताठ उभी नसताना. मानेपासून माकडहाडापर्यंत, वाकलेल्या पाठीवरून. खांद्यापासून मनगटापर्यंत, दुमडलेल्या कोपरावरून. मांडी, गुडघा, पोटरी. प्रत्येक आकडा ते मोठ्याने सांगायचे आणि मुश्ताक वहीत लिहायचा. टेप थंडगार होता. सगळ्यात शेवटी कंबर.

"एकोणतीस," बाबा म्हणाले.

मुश्ताकने पेन थांबवलं. त्याला बिचाऱ्याला वाईट वाटलं असावं. "काका, अगदीच तुमचा आग्रह असेल तर इंचभर सोडतो. कमरेत एवढं चालून जाईल."

बाबांचा टेप माझ्या कमरेभोवती होता. मी खाली टाकीकडे बघत होते, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसला नाही. फक्त टेप एकदा सैल झाला आणि परत घट्ट झाला.

"नको," ते म्हणाले. "वाढायची ती वाढली."

माझे डोळे भरून आले. हेल्मेट नव्हतं तोंडावर, लपवणार कुठे? टाकीवर दोन थेंब पडले ते मी बाहीने पुसले, आणि चामड्याने पाणी पुसलं जात नाही हे तेव्हा कळलं. बाबांनी फॉर्म मागितला आणि काउंटरवर ठेवून सही केली. 'गंभीर इजा'वाली ओळ त्यांनी वाचली की नाही, मला माहीत नाही. चारची गाडी गेली होतीच. साडेपाचची मिळाली.

ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी मी पडले. फार वेगात नव्हते, एका संथ वळणावर पुढचं चाक सुटलं. संध्याकाळी घरी फोन केला. आईला सांगितलं, सगळं छान झालं. मग बाबा फोनवर आले.

"टाकं?" त्यांनी विचारलं.

"धरलेत."

"मग बरं," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

यालाही आता नऊ वर्षं झाली. मध्यंतरी माझं लग्न झालं, मुलगा झाला, तीन वर्षं सूट कपाटात लटकला. गेल्या वर्षी परत ट्रॅकवर जायचं ठरवलं आणि सूट काढला. चेन कमरेपर्यंत आली आणि तिथे थांबली. नवऱ्याने ओढली, मी श्वास सोडला, पोट आत घेतलं. चार बोटं कमी पडत होती. मी स्वतःलाच बजावलं, वाढायची ती वाढली नव्हती.

सूट घेऊन नाना पेठेत गेले. मुश्ताकच्या दाढीत आता पांढरे केस आहेत. मी काउंटरवर सूट टाकला आणि म्हटलं, "नवीनच शिवावा लागेल ना? तुम्हीच म्हणाला होतात, यात सैल करणं नाही."

तो हसला. सूट उलटा केला, पाठीवरच्या कुबडाजवळचं अस्तर चाचपलं आणि कात्रीने चार टाके उसवले. आत हात घालून त्याने दोन लांब पट्ट्या बाहेर काढल्या. काळं चामडं, तीन-तीन बोटं रुंद, काखेपासून मांडीपर्यंत पुरतील एवढ्या. एकमेकींवर ठेवून पांढऱ्या दोऱ्याने टाचलेल्या.

"तुम्ही सूट न्यायला येणार होतात ना, त्याच्या आदल्या दिवशी काका आले होते," तो म्हणाला. "एकटेच, सकाळच्या गाडीने. म्हणाले, याच चामड्यातल्या दोन पट्ट्या काढून द्या. जुन्या भोकांची कड कापून टाकायची आणि मधे ही घालायची, तेवढी रुंदी धरून. अख्खा हिशेब करून आले होते. मी म्हटलं मशीनवर टाचून देतो, तर नको म्हणाले. इथं खिडकीत बसून हाताने टाचल्या. आणि मला बजावलं, तिला बोलायचं नाही."

त्याने सांगायची गरज नव्हती. तो टाका मी पहिलीपासून ओळखते. एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. माझ्या प्रत्येक फ्रॉकच्या दुमडीत तोच होता.

आठवड्याने सूट तयार झाला. दोन्ही कुशींना काळ्याभोर पट्ट्या, बाकीचा सूट उन्हाने विटलेला. मुश्ताक म्हणाला, रंग मारून एकसारखा करून देतो. मी म्हटलं, अजिबात नको.

दुकानातूनच बाबांना फोन लावला. ते आता बहात्तर वर्षांचे आहेत, मशीनवर कमी बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याचे कपडे मात्र अजून नापास करतात.

"बाबा, पट्ट्या सापडल्या."

"आत्ता?" ते म्हणाले. "मला वाटलं, लग्नानंतर वरसाभरात लागतील."

"तुम्ही तर म्हणाला होतात, वाढायची ती वाढली."

"म्हनलो व्हतो. तुझ्यासमोर." मग लगेच मुद्द्यावर आले. "बसला का नीट?"

मी आरशासमोर उभी होते. सूट मला खांद्यांना धरून पुढे ओढत होता, बाहीला पोक आला होता, मागे पोतं लोंबत होतं.

"बघतेय," मी म्हटलं.

"उभ्यानं बघू नगंस," बाबा म्हणाले. "गाडीवर बस. वाकून बघ."